चाळिशीनंतर ट्रायल्स शिकायची असेल तर आधी सपाट मैदान शोधा

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४१ आहे, रस्त्यावर मोटरसायकल चालवण्याची वीस वर्षांची सवय आहे, आणि माणसाच्या उंचीच्या खडकावर उसळी घेऊन चढणाऱ्या एका स्वाराची चित्रफीत पाहिल्यापासून मोटरसायकल ट्रायल्स, म्हणजे पाय न टेकता खडक-चिखलातून गाडी हळू काढण्याचा खेळ, शिकण्याचा विचार डोक्यातून जात नाही. पुढे तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत: गाडी १२५ सीसीची घ्यावी की ३०० सीसीची, सध्याच्या गाडीवर काही शिकता येईल का, एकट्याने सराव केला तर चालेल का, आणि गुडघ्याएवढा दगड चढायला किती महिने लागतील. जाता जाता डाव्या गुडघ्याची जुनी शस्त्रक्रियाही तुम्ही सांगितली आहे, तिच्याकडेही येतो. गाडीचा प्रश्न तुम्ही सर्वांत आधी विचारला असला तरी मी तो मागे ठेवणार आहे, कारण तुमची खरी अडचण तुमच्या वीस वर्षांच्या सवयीत आहे असे मला वाटते. गाडी वेगात असली की चाकेच तिला सावरून धरतात आणि स्वाराला फक्त दिशा द्यावी लागते. चालणाऱ्या माणसापेक्षा वेग कमी झाला की ती मदत संपते आणि तोल सांभाळण्याचे सगळे काम स्वाराच्या तळपायांवर व डाव्या हाताच्या एका बोटावर येते. ट्रायल्स हा खेळ नेमका तिथून सुरू होतो.

किती महिने लागतील याचे उत्तर मी देईन, पण ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे हे आधीच मान्य करतो. आठवड्यातून दोनदा दीड-दीड तास सराव करणारा माणूस महिन्यातून एकदा दिवसभर राबणाऱ्या माणसाच्या कितीतरी पुढे जातो, कारण थकलेले शरीर चुकीच्या सवयी फार लवकर उचलते. मैदान घराजवळ आहे की दोन तासांवर, सोबत कोणी जाणकार आहे की नाही, पडल्यावर तुम्ही हसता की चिडता, यानेही फरक पडतो. वयाने मात्र तुम्हाला वाटतो तेवढा पडत नाही. मी स्वतः पस्तिशीत सुरुवात केली, आणि गेली काही वर्षे नवख्यांना शिकवताना पाहतो आहे की विशीतली मुले पहिल्या दिवशी पुढे असतात आणि चाळिशीतली माणसे तिसऱ्या महिन्यात त्यांना गाठतात, कारण त्यांना हळू जाण्याची लाज वाटत नाही.

हा खेळ काय मोजतो ते नीट समजले तर सराव कशाचा करायचा हेही आपोआप कळते. 'ट्रायल' म्हणजे कसोटी. मोटरसायकली नव्या होत्या तेव्हा एखादे यंत्र वाईट रस्त्यावरून, चढावरून न थांबता जाते की नाही हे पाहण्यासाठी अशा चाचण्या घेत असत. १९०९ पासून चालत आलेली आणि आज स्कॉटलंडमधल्या फोर्ट विल्यम या गावाभोवतीच्या डोंगरांत भरणारी स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्पर्धा त्याच काळातली आहे. आजच्या स्पर्धेत खडक, ओढा, मुळे, चिखल अशा जागी एक छोटा टप्पा आखलेला असतो, त्याला सेक्शन म्हणतात. मार्गाच्या उजव्या हाताला लाल आणि डाव्या हाताला निळ्या खुणा असतात, आणि त्यांच्यामधून पाय न टेकता बाहेर पडायचे असते. एकदा पाय टेकला तर एक गुण दंड, दोनदा टेकला तर दोन, तीन किंवा त्याहून अधिक वेळा टेकला तर तीन. पडलात, खुणांबाहेर गेलात किंवा सेक्शन पूर्ण करता आला नाही तर पाच. दिवसाअखेर ज्याचा दंड सर्वांत कमी तो जिंकतो. मध्ये थांबून तोल सावरायला परवानगी आहे की नाही हे त्या त्या स्पर्धेच्या नियमांवर असते, पण शिकणाऱ्याने थांबायचेच नाही असे धरून सराव करावा.

या मोजणीत एक गंमत दडलेली आहे. तीन वेळा पाय टेकला काय किंवा तेरा वेळा, दंड तीनच. म्हणून तिसरा पाय टेकला गेला की अनुभवी स्वार नजाकत सोडून देतो, दोन्ही पायांनी ढकलत, वल्हवत गाडी सेक्शनच्या बाहेर काढतो आणि पाचावर जाणारा दंड तीनावर राखतो. नवखा त्या क्षणी पुन्हा फुटरेस्टवर उभे राहण्याचा प्रयत्न करतो आणि आडवा होतो. त्या चित्रफितीतल्या उड्या कोणत्याही नवशिक्यांच्या वर्गात कोणी मागत नाही. तिथे अवघड असते ते ओल्या मुळांवरून घेतलेले अरुंद वळण, आणि ते वळण सपाट मैदानावरच शिकायचे असते.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच येते. होय, सध्याच्या गाडीवर शिकता येते, आणि पहिला महिनाभर तिच्यावरच शिका. मोकळ्या, सपाट जागी दोन दगड एकमेकांपासून आठ मीटर अंतरावर ठेवा आणि त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरा. बसून नाही, फुटरेस्टवर उभे राहून, चवड्यांवर भार देऊन, गुडघे किंचित वाकवून आणि टाकीला घट्ट न आवळता. थ्रॉटल आयडलच्या जरा वर एकदा ठेवला की तो हलवायचा नाही. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचने आणि मागच्या ब्रेकने. रस्त्यावर 'हाफ क्लच' हा दोष समजला जातो आणि तिथे ते बरोबरही आहे, पण ट्रायल्समध्ये गाडी जवळपास सगळा वेळ हाफ क्लचवरच असते. इंजिन एकसारखे गुणगुणत राहते, तर्जनी क्लचच्या लिव्हरवर केसभर पुढे-मागे होते, आणि उजव्या पायाचा अंगठा मागचा ब्रेक हलकेच दाबून गाडीला लगाम घालतो. इंजिन ओढते आहे आणि ब्रेक धरतो आहे अशा ताणलेल्या अवस्थेत गाडी आश्चर्य वाटावे इतकी स्थिर राहते. एक सावधगिरी मात्र सांगतो: रस्त्याच्या गाडीचा क्लच जड असतो आणि हवेने थंड होणारे इंजिन जागच्या जागी फिरताना तापते, त्यामुळे दहा मिनिटे चालवा आणि दहा मिनिटे बंद ठेवा.

वळताना तुमची जुनी सवय आडवी येईल. रस्त्यावर वेगात वळताना आपण गाडीबरोबर आत झुकतो, पण या वेगाला बाहेर फेकणारे बल जवळपास नसतेच, त्यामुळे तुम्ही आत झुकलात तर गाडी तुमच्यासकट आत कोसळते. म्हणून गाडी आत कलवायची आणि शरीर बाहेर ठेवायचे. भार बाहेरच्या फुटरेस्टवर, आतला गुडघा वाकलेला, कंबर बाहेर, आणि हँडल पूर्ण वळवलेले. हँडल पूर्ण डावीकडे वळले की उजवा हात पुढे ओढला जातो आणि नकळत थ्रॉटल उघडतो. पूर्ण उजवीकडे वळले की डावा हात दूर जातो आणि क्लचचे बोट आखडते. तुमच्या पहिल्या शंभर चुकांपैकी बहुतेक या दोन कारणांनी होतील. उपाय एकच आहे: हात ताणायचा नाही, कंबरेतून वरचे शरीर हँडलबरोबर फिरवायचे.

आता नजरेबद्दल. वळणाच्या मध्यावर नवखा स्वार हमखास पुढच्या चाकाकडे पाहतो, आणि जिथे पाहतो नेमका तिथेच पाय टेकतो. मी शिकवताना दुसऱ्या दगडापलीकडे उभा राहतो आणि हाताची काही बोटे वर करतो. वळणातून येणाऱ्याने ती मोठ्याने मोजून सांगायची. पहिल्या दिवशी कोणालाच जमत नाही, गाडी कशीबशी वळते पण बोटे दिसत नाहीत. ज्या दिवशी माणूस 'तीन... आता दोन' असे सहज सांगू लागतो त्या दिवशी मी त्याचे दगड सहा मीटरवर आणतो, नंतर पाचवर. ट्रायल्सच्या खऱ्या गाडीचे हँडल इतके वळते की पुढे चार मीटरही पुरतात. तुमच्या रस्त्याच्या गाडीवर पाच मीटरवर न टेकता दहा आकडे पूर्ण झाले तर पहिला महिना सार्थकी लागला असे समजा.

जागच्या जागी तोल धरण्याचा सराव तर इंजिनशिवायही होतो. पुढचे चाक दगडाला टेकवा, हँडल एका बाजूला पूर्ण वळवा, पुढचा ब्रेक धरा आणि फुटरेस्टवर उभे राहा. सुरुवातीला तीन सेकंद टिकाल. रोज दहा मिनिटे दिलीत तर महिन्याभरात अर्ध्या मिनिटावर जाल, मग दगड काढून टाका. घरी साधी सायकल असेल तर तिच्यावरही हेच करा आणि ते कमी दर्जाचे समजू नका: सात वेळा जागतिक विजेता ठरलेला जॉर्डी तारेस आणि २००७ पासून मैदानी व बंदिस्त अशा दोन्ही जागतिक अजिंक्यपदांवर वर्षानुवर्षे नाव कोरत आलेला टोनी बोउ, हे दोघेही सायकल-ट्रायल्समधून आलेले आहेत.

दगडाची पाळी यानंतर येते, आणि तेव्हा ट्रायल्सची गाडी हवी. आधी घोट्याएवढा, पक्का रुतलेला ओंडका घ्या. चालण्याच्या वेगाने सरळ त्याच्याकडे जा, अर्धा मीटर अलीकडे गुडघे वाकवून पुढचे सस्पेन्शन दाबा, आणि ते परत उसळत असतानाच शरीर मागे नेत क्लच थोडा सोडा. पुढचे चाक स्वतःहून हलके होते. हँडल हातांनी वर ओढायचे नाही, ओढणाऱ्याचे खांदे तासाभरात भरून येतात आणि चाक मात्र जेमतेम वीतभर उचलले जाते. चाक ओंडक्यावरून गेले की लगेच शरीर पुढे, आणि मागचे चाक ओंडक्याला लागताच थ्रॉटल बंद करून गुडघे सैल सोडायचे, म्हणजे गाडी पायांखाली वर येते आणि डोके जिथल्या तिथे राहते. मागचे चाक अडखळत असताना थ्रॉटल उघडा ठेवलात तर ते गाडीला पुढच्या चाकावर उलटे ढकलते. पोटरीपासून वर मग दोन झटक्यांची पद्धत शिकावी लागते: पहिल्या झटक्याने पुढचे चाक उचलून दगडाच्या वरच्या कडेच्या जरा खाली आपटायचे, आणि त्या आघाताने सस्पेन्शन दबून परत उसळताना पायांची उडी व क्लचचा दुसरा झटका एकत्र द्यायचा. हे लिहून कळत नाही, कोणीतरी शेजारी उभे राहून 'आता' म्हणावे लागते.

तर महिन्यांचे उत्तर: माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसांना पोटरीएवढा ओंडका साधारण तिसऱ्या महिन्यात विश्वासाने जमतो, आणि गुडघ्याएवढा दगड दहाव्या ते बाराव्या महिन्यात. काहींना त्याआधीही जमला; पण ज्यांनी आठचा आकडा गाळून थेट दगड धरला त्यांना दगड चढता आला तरी चढल्यावर वळता आले नाही, आणि सेक्शनमध्ये दगडानंतर वळण असतेच.

आता गाडी. या गाडीला बसायला सीट जवळजवळ नसते, टाकीत दोन-तीन लिटर पेट्रोल मावते, वजन ७० किलोच्या आसपास असते आणि गिअर पाच किंवा सहा असतात, ज्यांपैकी वरचे दोन एका सेक्शनहून दुसऱ्याकडे जाण्यापुरतेच कामाला येतात. गॅस गॅस, बेटा, मॉन्टेसा, शेर्को, टीआरएस ही यातली परिचित नावे आहेत आणि नवख्याला त्यांच्यातला फरक कळत नाही, तेव्हा नावावरून वाद घालत बसू नका. फरक कळतो तो इंजिनाच्या आकाराचा. १२५ हलकी असते पण तिला चढावर इंजिनाचे फेरे वर ठेवून, क्लच नेमका सोडून चालवावे लागते. शिकवण म्हणून ते चांगले आहे, पण सामान्य बांध्याच्या मोठ्या माणसाला ती दमवते. ३०० मध्ये ताकद इतकी जवळ असते की मनगट जरासे चुकले तरी गाडी निघून जाते. तुमच्यासाठी मी २५० सीसीची, टू-स्ट्रोक, सहा-सात वर्षे जुनी पण नीट सांभाळलेली गाडी सुचवीन. फोर-स्ट्रोकची ओढ मवाळ असते आणि उतारावर इंजिन ब्रेकसारखे धरते हे खरे, पण ती थोडी जड असते आणि दुरुस्तीला अधिक वेळ खाते. जुन्या, मागे दोन शॉक-अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या गाड्यांचा मोह अनेकांना होतो. सॅमी मिलर या नामवंत ट्रायल्स-स्वाराने १९६४ मध्ये बुल्टाको या स्पॅनिश कंपनीसाठी घडवलेल्या शेर्पा-टीने या खेळात टू-स्ट्रोकचे युग आणले आणि तशा गाड्यांसाठी आजही वेगळे वर्ग असतात, पण शिकायचे वर्ष सुटे भाग शोधण्यात घालवू नये. विजेवर चालणाऱ्या गाड्याही आता चांगल्या मिळतात आणि आवाज होत नसल्याने सरावाची जागा मिळणे सोपे जाते. घेतलीत तर क्लच असलेलीच घ्या.

३०० चा अनुभव माझा स्वतःचा आहे. पहिली गाडी मी तीच घेतली, वापरलेली, आणि विकणाऱ्याने क्लचमध्ये काय करून ठेवले होते हे मला तेव्हा समजत नव्हते. लिव्हर सोडताना मधली जागाच नव्हती, तो एकदम धरायचा. तिसऱ्या दिवशी कंबरेएवढ्या मातीच्या बांधावर चढताना गाडी पुढे झेपावली, मी मागे फेकला गेलो, पडू नये म्हणून मूठ घट्ट धरली आणि त्या मुठीनेच थ्रॉटल पूर्ण उघडला. गाडी माझ्याशिवाय बांध चढून पलीकडे गेली, आणि मी उजवे मनगट पोटाशी धरून अलीकडे बसलो. तीन आठवडे पट्टी होती. त्यानंतर मी दोन गोष्टी कधी सोडल्या नाहीत. थ्रॉटल धरताना कोपर वर आणि मनगट खाली न पडू देता धरायचे, म्हणजे मागे फेकले गेल्यावर थ्रॉटल आपोआप उघडत नाही. आणि मनगटाला दोरीने बांधलेला चुंबकीय स्विच, जो माणूस गाडीपासून दूर गेला की निघतो आणि इंजिन तत्क्षणी बंद पाडतो, तो लावल्याशिवाय किक मारायची नाही.

वापरलेली गाडी पाहताना खरचटलेले मडगार्ड आणि इंजिनाखालच्या पत्र्यावरचे पोचे पाहून घाबरू नका, ते असणारच. मागचे मडगार्ड धरून गाडी हळूच वर उचला. चाक जमिनीवरून सुटण्याआधी बोटभर ढिली हालचाल जाणवली तर मागच्या लिंकेजचे, म्हणजे मागच्या सस्पेन्शनच्या सांध्यांचे, बेअरिंग संपले आहेत. फुटरेस्ट जिथे फ्रेमला जोडलेले असतात तिथे भेगा किंवा नव्याने केलेले वेल्डिंग दिसते का ते बोट फिरवून तपासा. इंजिन तापू द्या आणि रेडिएटरचा पंखा स्वतःहून सुरू होतो का पाहा. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण दाबून गाडी ढकला. बरेच दिवस उभी असलेल्या गाडीत क्लचच्या चकत्या चिकटतात, पुढे-मागे हलवल्यावर त्या सुटतात आणि तो दोष नाही. पण तापल्यावरही चाक ओढले जात असेल तर तो आहे. घरी आणल्यावर पहिले काम गिअर-ऑइल बदलण्याचे, कारण सतत घसरणाऱ्या क्लचचा सगळा भुगा त्यातच उतरतो. ब्रेक आणि क्लचच्या लिव्हरचे स्क्रू मी मुद्दाम थोडे सैल ठेवतो, हाताने जोर लावला तर फिरतील इतके. गाडी पडल्यावर लिव्हर मोडण्याऐवजी फिरतो.

टायरच्या हवेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण नव्या माणसाला एका दिवसात सर्वांत मोठा फरक जाणवतो तो इथेच. ट्रायल्सचे मागचे टायर हातात घेऊन दाबून पाहा: बाजू पातळ, रबर मऊ, नक्षीचे ठोकळे चौकोनी आणि आखूड. रस्त्याच्या गाडीत आपण ३० पीएसआयच्या घरात हवा ठेवतो. इथे मागे ४ ते ५ आणि पुढे ६ च्या आसपास. एवढ्या कमी हवेत टायर दगडावर बसताना दगडाचा आकार घेते, कडेवर टेकण्याऐवजी तिला कवेत धरते, आणि ओल्या खडकावर जी पकड मिळते तिचे कारण ठोकळ्यांपेक्षा हे पसरणे आहे. पेट्रोल पंपावरचे किंवा नेहमीचे मापक या आकड्यांना निरुपयोगी ठरते, १५ पीएसआयपर्यंतच मोजणारे वेगळे मापक घ्या. मी सकाळी सावलीत हवा पाहतो आणि ऊन चढल्यावर एकदा पुन्हा, कारण टायर तापले की आकडा सरकतो. ४ च्याही खाली गेलात तर टायर रिमवरून घसरून हवा सोडते आणि कडेचा दगड थेट रिमला लागतो. एकदा हा प्रयोग करून पाहा: उतरता ओला खडक निवडा, मागे ८ पीएसआय ठेवून चढा, मग साडेचारवर आणून पुन्हा चढा. पहिल्या वेळी चाक दगडावरून चेंडूसारखे उडते आणि जागीच फिरते. दुसऱ्या वेळी त्याच थ्रॉटलवर गाडी निमूट वर जाते. चाक फिरू लागले की थ्रॉटल वाढवण्याची इच्छा होते, पण निसरड्यावर एक गिअर वरचा टाकून फेरे कमी ठेवले तर पकड टिकते, कारण ताकद चाकापर्यंत झटक्याने पोहोचत नाही.

एकट्याने सराव करण्याबद्दल माझे मत कडक आहे. सपाट मैदानावर आठचे आकडे आणि तोल एकट्याने करा, हरकत नाही. दगड, ओढा, चढ यांपैकी काहीही एकट्याने करू नका. ७० किलो ही गाडी हलकी वाटते, पण पाय तिच्याखाली आणि तिचे हँडल दोन दगडांत अडकलेले असताना तिला उचलायला कोणता अवयव मोकळा राहतो याचा विचार करा. मी एकदा कोरड्या ओढ्यात पाऊण तास तसा पडून होतो. पायाला काही झाले नाही, फोन मात्र गाडीजवळ ठेवलेल्या पिशवीत होता. सोबतीला ट्रायल्स येणारा माणूसच हवा असे नाही, हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर कोणीतरी हवे. जागेच्या मालकाची परवानगी तोंडी का होईना घ्या, एकाच उतारावर तासन्‌तास फिरून खाच पाडू नका, आणि वाहत्या पाण्याच्या पात्रात सराव टाळा. एका स्वाराच्या बेफिकिरीने जागा कायमची बंद झालेली मी पाहिली आहे. हेल्मेट, हातमोजे आणि घोटा पूर्ण झाकणारे ट्रायल्सचे बूट यांत काटकसर नको. मोटोक्रॉसचे कडक बूट चालत नाहीत, त्यांत ब्रेकचा पेडल तळव्याला जाणवतच नाही.

गुडघ्याविषयी मी डॉक्टरांच्या जागी बोलणार नाही, पण त्यांना काय विचारायचे ते सांगू शकतो. तासन्‌तास अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर उभे राहणे चालेल का, डाव्या पायावर पूर्ण भार देऊन उजव्या पायाने किक मारणे चालेल का, आणि डावीकडे तोल गेल्यावर तो पाय अचानक, तिरका जमिनीवर आदळला तर काय, हे तीन प्रश्न त्यांना याच शब्दांत विचारा. 'मोटरसायकल चालवू का' असे विचारलेत तर ते रस्त्याची, बसून चालवायची मोटरसायकल डोळ्यांपुढे आणतील आणि हो म्हणतील. त्यांनी मान्यता दिली तर गुडघ्याचे कवच वापरा आणि पहिल्या काही महिन्यांत डाव्या हाताला उतार असलेल्या कडेवर सराव ठेवू नका, कारण खालच्या बाजूला टेकणाऱ्या पायाला जमीन उशिरा लागते आणि तोवर गाडीचे वजन त्याच्यावर आलेले असते.

हे सगळे सुरू करण्याआधी जवळपास कुठे स्पर्धा असेल तिथे एक दिवस निरीक्षक म्हणून उभे राहायची तयारी दाखवा. प्रत्येक सेक्शनवर पाय मोजणारा एक माणूस लागतो, असे लोक आयोजकांना नेहमीच कमी पडतात, आणि नवख्याला ते आनंदाने घेतात. नवशिक्यांच्या वर्गाचा सेक्शन मागून घ्या. स्वार सेक्शन सुरू करण्याआधी तो पायी चालून पाहतात. त्यांच्यात दोन प्रकार तुम्हाला दिसतील. काही जण भराभर चालत पुढचे चाक कुठून न्यायचे एवढेच पाहतात. दुसरे वळणाच्या आतल्या बाजूला उकिडवे बसतात आणि तिथला एखादा दगड हाताने हलवून पाहतात, कारण अरुंद वळणात मागचे चाक पुढच्याच्या मागोमाग येत नाही, ते आतून कापत जाते आणि त्या दगडावर चढते. दोघांच्या नावापुढे तुम्ही जे आकडे लिहाल ते घरी येताना लक्षात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या आठच्या आकड्यात आतल्या दगडाजवळ एक चपटी वीट टाकून पाहा.